मुठीवरचं भस्म

सुदर्शन आमच्याकडे राहायला आला तेव्हा त्याच्या सामानात एक ट्रंक, एक वळकटी आणि पोत्यात गुंडाळलेले तीन पलिते होते. पलिता म्हणजे हातभर लांबीची शिसवी काठी, एका टोकाला घट्ट आवळलेल्या चिंध्यांचा गोळा. गोळा तेलात भिजवून पेटवायचा आणि काठीच्या मुठीला धरून फिरवायचा. सुदर्शन तो फिरवत नसे, फेकत असे. तीन पेटते पलिते एकामागून एक हवेत, दोन हात, आणि एक पलिता कायम वर.

हे जून १९९९ मधलं. नारायण पेठेत आमच्या जुन्या घराच्या जागी सोसायटी होऊन तीन वर्षं झाली होती आणि मिळालेल्या तीन खोल्यांपैकी एक माझ्या वडिलांनी, अप्पांनी, भाड्याने द्यायची ठरवली होती. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. घरात आम्ही दोघंच. सुदर्शन मूळचा दारव्ह्याकडचा, यवतमाळ जिल्ह्यातला. एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि एका ठरावीक तक्त्यात भरायच्या, हे त्याचं काम. चूक काय, कधी सापडली, कधी कळवली, मूळ कारण काय.

"म्हणजे लोकांच्या चुका काढायचा पगार मिळतो तुम्हाला?" अप्पा म्हणाले. "आमच्या गल्लीत हे काम सगळे फुकट करतात."

पोतं उघडल्यावर अप्पांनी पलिते पाहिले. "गॅसचं सिलिंडर नोंदवून वीस दिवस मिळत नाही इथे, आणि हे आग उधळणार. उधळा. फक्त माझ्या धोतरांपासून लांब."

सुदर्शन हा खेळ गावच्या आखाड्यात हिंमतरावांकडून शिकला होता. हिंमतराव तिथले वस्ताद. दसऱ्याच्या मिरवणुकीत ते स्वतः पलिते खेळत, त्यांच्याआधी त्यांचे गुरू खेळत. सुदर्शन पुण्याला निघाला त्याच्या आदल्या दिवशी त्याने वस्तादांपुढे सगळा खेळ करून दाखवला होता. एकही चूक झाली नव्हती. वस्ताद शेवटपर्यंत पाहत राहिले आणि मग म्हणाले, "हे तं मीच हाय रे. तुह्यं काय हाय यात?"

त्याने हे मला आल्यापासून सहा महिन्यांत तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा तेच शब्द, त्याच क्रमाने. त्यावरून मला कळलं की ते त्याला किती लागलं आहे.

त्याने खूप काही करून पाहिलं. पाठीमागून फेक. एका गुडघ्यावर बसून फेक. लेझमीच्या ठेक्यावर फेक. कंपनीच्या कँटीनमागे मित्रांना दाखवलं, तर ते म्हणाले, "बॉस, हे तर केबलवर रोज दाखवतात, फॉरेनच्या सर्कशीत." त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्याने मला विचारलं, "ताई, आगीचा रंग बदलता येतो का?"

येतो, मी म्हणाले. अकरावीच्या मुलांनाही येतो.

आता वाटतं, तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. पण मला आनंद झाला होता. वीस वर्षं मी ज्योतीची परीक्षा शिकवत होते. तांब्याची, बेरियमची, बोरॉनची हिरवी ज्योत मुलं पाहत, वहीत लिहीत आणि विसरून जात. ती कुणाला तरी हवी आहे, असं पहिल्यांदाच घडत होतं.

आम्ही सहा महिने काम केलं. बोरिक ॲसिड आणि स्पिरिट हे ठरायला वेळ लागला नाही, पण गोळ्याला कोणतं कापड, किती वेळ भिजवायचं, किती झटकायचं, किती सेकंद जळतं, मूठ किती तापते, हे सगळं मी मोजलं. लांब निळी वही होती, कॉलेजातल्या प्रयोगवहीसारखी. प्रत्येक नोंदीला तारीख. प्रत्येक मापन तीनदा. पाण्याची बादली, ओली पोती, सुती कपडेच, बाह्या दुमडलेल्या, हे नियम मी पहिल्या पानावर लिहिले होते. सराव आमच्या गच्चीवर व्हायचा. हिरवा जाळ वर जायचा, थांबल्यासारखा वाटायचा आणि खाली यायचा. त्याला धूर नव्हता. काजळी नव्हती. इतका स्वच्छ जाळ मी कधी हवेत पाहिला नव्हता.

"शेवाळ पेटल्यासारखं दिसतं," अप्पा म्हणाले. पण रोज खुर्ची घेऊन गच्चीवर यायचे.

एक गोष्ट मला खटकत होती. पेटवण्याआधी सुदर्शन प्रत्येक मुठीवर ओल्या भस्माची तीन बोटं ओढायचा, कपाळावर ओढतात तशी. पांढरे जाड पट्टे. हात खराब व्हायचे, शर्टाला लागायचं.

"हे कशासाठी?"

"लावतात," तो म्हणाला. "वस्ताद लावतात."

"ते कशासाठी लावतात?"

त्याला माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलं नव्हतं. मग म्हणाला, "मलाही ते नकोच आहे, ताई. भस्म पाहिलं की लोकांना लगेच आखाडा दिसतो. मागच्या वेळी एकाने विचारलं, मिरवणूक कुठे आहे? पण काढायला भीती वाटते."

"भीती वाटायचं कारण नाही. मोजून पाहू."

आणि आम्ही मोजलं. जसं शिकवलं होतं तसंच. बाकी सगळं तेच ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची. भस्म लावून पन्नास फेकी, भस्माशिवाय पन्नास. मंचावर दिवे बंद असणार म्हणून गच्चीवरचा दिवा मी मालवला. भस्मासह पन्नासात दोन चुका. भस्माशिवाय पन्नासात एक. मी वहीत लिहिलं, 'अंधारात चाचणी. भस्माचा परिणाम नाही.' त्याखाली रेघ ओढली.

"मूठ दिसत नाही असं कधी वाटलं का?" मी विचारलंही होतं.

"मुठीकडे कोण बघतं, ताई? जाळाकडे बघायचं. हात आपोआप जातो. वस्तादांचं पहिलं वाक्य आहे ते."

त्याने तिन्ही मुठी ओल्या फडक्याने पुसून काढल्या. शिसवी लाकूड खाली गुळगुळीत आणि काळं होतं.

कंपनीचं वार्षिक संमेलन १३ जानेवारी २००१ ला होतं, शनिवारी, मांजरीजवळच्या एका लॉनवर. लग्नांसाठी नुकतंच केलेलं ते मैदान होतं, तिन्ही बाजूंनी ऊस. सुदर्शनने वस्तादांना पत्र पाठवलं, तिकीट पाठवलं. हिंमतराव महाराष्ट्र एक्स्प्रेसने आले. साठी उलटलेले, अंगाने लहान, डोक्याला पांढरा रुमाल. हातात एक पिशवी, तिच्यात आमच्यासाठी संत्री.

"किती दिली डझनाला?" अप्पांनी विचारलं.

"झाडाले विचारलं नाही," हिंमतराव म्हणाले. अप्पा हसले. आमच्या घरी येऊन अप्पांना पहिल्याच वाक्यात गप्प करणारा तो एकटाच माणूस.

सुदर्शन दुपारीच पुढे गेला होता. मी आणि हिंमतराव रिक्षाने स्वारगेटला आलो आणि तिथून बसने मांजरीला. पोहोचलो तेव्हा सात वाजत आले होते. मंचामागे सुदर्शन चिंध्या भिजवत होता. हिंमतरावांनी एक पलिता उचलला, तळहातावर तोलला, मुठीवरून अंगठा फिरवला.

"भस्म नाही?"

सुदर्शनने माझ्याकडे पाहिलं. म्हणून मी उत्तर दिलं. "त्याचा उपयोग काही नाही. आम्ही तपासून पाहिलं."

"कसं पाह्यलं?"

"लावून पन्नास फेकी, न लावता पन्नास. फरक पडला नाही."

"मले तं मालूम नाही बाई, कायले लावतात ते. माह्या गुरूनं लावलं म्हणून मी लावलं." त्यांनी पलिता जागेवर ठेवला. "तुम्ही शिकल्या-सवरलेल्या. तुम्ही पाह्यलं असंन तं पाह्यलं."

मला तेव्हा समाधान वाटलं होतं, हे लिहून ठेवते.

साडेसात वाजता लॉनवरचे सगळे दिवे मालवले. सुदर्शनने तशी अट घातली होती. त्या क्षणी मला कळायला हवं होतं, कारण मला शेजारी बसलेल्या हिंमतरावांचा पांढरा रुमालही दिसेना. उसाच्या मधोमध तो खरा अंधार होता. तसा अंधार मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. नारायण पेठेत तो मिळत नाही.

मग तीन हिरवे गोळे वर गेले.

सातशे माणसं एकदम गप्प झाली. खेळणारा दिसतच नव्हता. नुसता हिरवा जाळ अंधारात चढत होता, उतरत होता, एकमेकांना ओलांडत होता. मध्येच एक गोळा इतका उंच गेला की लोकांनी माना मागे टाकल्या. हिंमतराव खुर्चीत पुढे सरकले. मी त्यांचा श्वास ऐकत होते. ते हळूच म्हणाले, स्वतःशी की मला, कळलं नाही, "हे माहं नाही. हे त्याचं हाय."

त्यानंतर साधारण वीस सेकंदांनी मधला गोळा खाली आला आणि जिथे थांबायला हवा होता तिथे थांबला नाही. तो विझला. विझला असं दिसलं. खरं म्हणजे सुदर्शनच्या हातात मुठीऐवजी जळता गोळा आला होता आणि त्याने मूठ मिटली होती.

त्याने तो टाकला नाही. आखाड्याचा नियम आहे, पेटलेला पलिता जमिनीला लागू द्यायचा नाही. त्याने तो तसाच धरून डाव्या हातात घेतला, उरलेले दोन झेलून पाण्यात बुडवले आणि वाकून नमस्कार केला. दिवे लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. सुदर्शनचा उजवा हात बादलीत होता, कोपरापर्यंत, आणि तो वस्तादांकडे पाहत नव्हता.

दवाखान्यात पट्टी बांधून झाल्यावर हिंमतराव त्याच्या शेजारी बसले. "हात चुकला. चुकते. माहा बी चुकला होता, दोनदा. दसऱ्याले ये, हात बसवून देतो."

सुदर्शनने भिंतीकडे तोंड केलं. वस्ताद दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत गेले.

पुढच्या गुरुवारी, १८ तारखेला, कॉलेजात बारावीचं प्रात्यक्षिक होतं. ज्योतीच्या परीक्षेसाठी मी पडदे ओढून घेतले. एका मुलीच्या बर्नरवर हिरवी ज्योत आली. मी तिच्या हातातली बाटली घेऊन लेबल वाचायला गेले आणि मला ते वाचता येईना. ज्योत वीतभर अंतरावर होती, डोळ्यांना स्पष्ट दिसत होती आणि तिच्या उजेडात काहीही दिसत नव्हतं. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी पिवळी ज्योत मोठी केली आणि लेबल उजळलं.

मी तशीच उभी राहिले. मुलगी म्हणाली, "मॅडम, बरोबर आलंय ना?"

आलं होतं. रॉकेलचा जाळ पिवळा असतो तो काजळीमुळे. काजळीचे तापलेले कणच उजेड देतात. मी ते दरवर्षी शिकवते. आमच्या जाळात काजळी नव्हती, त्याचा मला अभिमान होता. तो जाळ स्वतः दिसत होता, पण काही दाखवत नव्हता. खेळणारा मुठीकडे बघत नाही, असं सुदर्शन म्हणायचा. पण डोळ्याच्या कडेला ती दिसत असते आणि हात त्या अंदाजाने जातो. गच्चीवरचा दिवा मालवून मी वहीत 'अंधारात' लिहिलं, तेव्हा समोरच्या इमारतीच्या सात खिडक्यांत ट्यूबलाइट होते आणि कोपऱ्यावर रस्त्याचा दिवा. मी भस्माची चाचणी अशा जागी घेतली होती जिथे त्याची गरजच नव्हती.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी घरून एक पलिता आणि भस्म आणून कॉलेजातल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. हिरवा जाळ, काळी मूठ, एक मीटर अंतर. दिसली नाही. मुठीवर ओल्या भस्माची तीन बोटं. दिसली, फिकट पण स्पष्ट. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. वहीत लिहिलं, तारीख घातली.

शुक्रवारी संध्याकाळी सुदर्शन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. पट्टी बांधलेला हात त्याने छातीशी धरला होता.

"ताई, तुम्ही सगळं मोजलं होतं," तो म्हणाला. "मग रूट कॉज काय असेल?"

वही माझ्या पर्समध्ये होती. पर्स दाराच्या खिळ्याला, त्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावर.

मी म्हणाले, "सराव कमी पडला असेल."

असं का म्हणाले, याचं उत्तर मी नऊ वर्षं शोधलं. माझी नोकरी जाणार नव्हती. तो ओरडला नसता. अप्पा फार तर काहीतरी खोचक बोलले असते. मला वाटतं, कारण लहानच होतं. त्या घरात चुका सुदर्शन शोधायचा आणि मोजमाप मी करायची. माझं मोजमाप चुकतं, हे मला त्याला सांगायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सांगू, असंही वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पहिल्यापेक्षा अवघड झालं आणि मग दर दिवशी थोडं जास्त.

त्याने मान हलवली. "मलाही तेच वाटलं," तो म्हणाला.

हिंमतराव अंधारात काय म्हणाले होते, तेही मी त्याला सांगितलं नाही. ते सांगायचं तर त्या संध्याकाळचा विषय काढावा लागला असता.

मार्चमध्ये तो बंगलोरला गेला. जाताना पलिते आमच्या माळ्यावर ठेवून गेला. "टाकून द्या हवं तर," म्हणाला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पूर्ण मिटत नव्हती. टायपिंगला अडत नाही, असं त्याने अप्पांना सांगितलं. दसऱ्याला तो गावी गेला नाही, त्या वर्षीही नाही आणि पुढेही नाही. हिंमतराव २००४ मध्ये गेले. सुदर्शननेच फोनवर कळवलं, एका वाक्यात.

अप्पा गेल्यानंतर दोन वर्षांनी, २०१० च्या मे महिन्यात, मी निवृत्त झाले. कपाट आवरताना निळी वही हाताला लागली. सुदर्शन तोवर पुण्यात परतला होता. दिवाळीला एसएमएस यायचा. मी फोन करून पत्ता विचारला. मांजरी. सहा जूनला, रविवारी, स्वारगेटहून तीच बस पकडली. ऊस बराच कमी झाला होता. त्याची सोसायटी बारा मजल्यांची होती. ते लॉन नेमकं कुठे होतं, मला ओळखू आलं नाही.

त्याची बायको माहेरी गेली होती. त्याने स्वतः चहा केला, डाव्या हाताने साखर घातली. मी चहा घेण्याआधीच वही उघडून पुढे केली, कारण घेतल्यानंतर धीर झाला नसता.

तो वाचत राहिला. टेस्टर होता, आता टेस्टरांचा मॅनेजर होता. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. हिरवा जाळ, काळी मूठ. हिरवा जाळ, भस्म. तीन निरीक्षणं. मग बोट वर गेलं, तारखेवर, आणि तिथेच थांबलं.

"अठरा जानेवारी."

"हो."

"मी तुम्हाला विचारलं तो शुक्रवार होता."

"एकोणीस."

खालून कुठूनतरी मुलांचा क्रिकेटचा आरडाओरडा येत होता.

"वस्तादांनी तीन पत्रं पाठवली," तो म्हणाला. "हात बसवून देतो, ये. मी गेलो नाही. म्हटलं, हातच खोटा निघाला, आता काय बसवणार." त्याने उजवा पंजा उघडला, मिटला. दोन बोटं अर्ध्यावर राहिली. "हे कळलं असतं तर गेलो असतो. भस्म लावून परत तेच खेळलो असतो. त्यांच्यासमोर."

"अजून एक आहे," मी म्हणाले, आणि हिंमतराव अंधारात काय बोलले ते सांगितलं. त्यांच्याच शब्दांत.

"असं म्हणाले?"

"हो."

"मी चुकायच्या आधी?"

"वीस सेकंद आधी."

"असं म्हणाले," तो परत म्हणाला. या वेळी विचारलं नाही.

मी माफी मागितली. त्याने ऐकून घेतली. ठीक आहे म्हणाला नाही, आणि मला ते योग्य वाटलं.

थोड्या वेळाने त्याने टेबलावरचं पेन घेतलं. माझ्या नोंदीखाली अर्धं पान कोरं होतं. त्याने डाव्या हाताने, शाळेतल्या मुलासारख्या मोठ्या अक्षरांत, त्याच्या कंपनीच्या तक्त्यात असतं तसं लिहिलं.

मूळ कारण: मुठीवर भस्म नाही.

सापडल्याची तारीख: १८ जानेवारी २००१.

कळवल्याची तारीख: ६ जून २०१०.

पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि माझ्याकडे सरकवली. "चहा गार झाला," तो म्हणाला. "दुसरा करतो."

मी नको म्हणाले. पण तो उठला होता.